सातवा फर्मा

पाचशे प्रती. तीनशे दहा दिवाणाखाली,
बाकीच्या कपाटावर, शिलाई मशीनच्या पोटात,
आणि दोन गठ्ठे शेजारच्या मोघ्यांच्या गॅलरीत,
त्यांच्या तुळशीला टेकण म्हणून.
प्रकाशक : मी. पत्ता : माझाच, धायरी.
वितरक : माझी स्कूटी.

पैसे खडकीच्या कारखान्यातल्या फंडाचे.
मुलगा म्हणाला, आई, एवढ्यात सोलर बसला असता.
बसला असता.

अप्पा बळवंत चौकात दुकानदाराने
पुस्तक हातावर तोललं, वांगं तोलावं तसं.
"गाइड असतं तर ठेवलं असतं.
बरं, पाच ठेवा. खपली की फोन करू."
फोन करू म्हणजे काय
हे मला कळायला हवं होतं,
सगळा जन्म पुण्यातच गेला.

फोन आले, पण दुसरेच.
ससूनच्या एक सिस्टर, रात्रपाळीच्या :
"एक सलाइन संपेपर्यंत एक प्रकरण होतं हो."
कोथरूडच्या एका गृहस्थांनी, नाव न सांगता,
शुद्धलेखनाच्या एकशे चार चुका वाचून दाखवल्या.
मी उभ्यानेच लिहून घेतल्या. दूध उतू गेलं.
शेवटी म्हणाले, "उद्यापासून परत वाचतोय.
चुकांसाठी नाही."

आणि मग भोरहून जाड पाकीट, रजिस्टर्ड.
रंगनाथ खुटवड, निवृत्त वायरमन.
"बाई, शहाण्णव पानानंतर एकदम एकशे तेरा.
वाटलं, तुम्ही मुद्दाम जागा सोडली,
ज्याची त्याने भरावी.
महिना लागला. भरली. तपासून द्यावी."
सोबत सोळा पानं, एकरेघी, निळ्या बॉलपेनने,
समास आखून.

खुटवडांची द्वारका स्टोव्ह घेऊन रास्ता पेठेत जाते.
दुरुस्तीवाला म्हणतो, वॉशर गेलाय, पिनही वाकडी,
तासाभराने या.
ती तासाभराने येत नाही.
स्वारगेटला उसाचा रस पिते, बिनबर्फाचा,
आणि पाटी न वाचता पहिल्या गाडीत चढते.
खिडकी मिळते. दोन पानं नुसती खिडकी.
"पुढे एकशे तेरावर सगळी रडतात ते बरोबर आहे,
त्यांना वाटतं ती गेली.
गेलीच की."

माझ्या सोळा पानांत स्टोव्ह घरीच होता.
पंचनाम्यात ज्याचा भडका उडतो, तो.
त्र्याऐंशी साली आमच्या बोळात उडाला होता,
दुपारी, नळाला पाणी यायच्या वेळी.
मी हंडा घेऊन रांगेत होते.
तिचं नाव द्वारका नव्हतं.
ती सोळा पानं लिहायला मला सहा वर्षं लागली,
आणि खुटवडांना ती मिळालीच नाहीत.

बाइंडर पासलकर म्हणाले, फर्मा घालायचा राहिला असणार,
पोरगं नवीन होतं. वीसेक प्रती असतील.
आणा, बदलून देतो, पैसे नकोत.

रात्री दिवाण सरकवला.
एकेक प्रत शहाण्णवावर उघडत गेले,
मोघ्यांच्या गॅलरीतले गठ्ठेसुद्धा, टॉर्च लावून.
अकरा सापडल्या.
खुटवडांची धरून नऊ बाहेर आहेत,
कुठे, कुणाच्या उशाशी, देव जाणे.
एखादी त्या चौकातल्या पाचांतही असेल.

सकाळी मुलाने अकरांच्या गठ्ठ्याला हात घातला,
"ह्या परत द्यायच्या ना? जाता जाता टाकतो."
मी म्हटलं, राहू दे.
त्याला वाटलं, मी दमलेय.

मग कार्ड लिहिलं.
रा. रा. खुटवड यांस,
पानं तपासली. रसाचा ग्लास तुम्ही दोन रुपयांचा धरलाय,
तेव्हा पन्नास पैशांत यायचा.
बाकी बरोबर.