वारसाचा रकाना

रोला बाजाराच्या मागच्या गल्लीत, शारजात,
माझं टायपिंग सेंटर. दिवसभर
लोकांची नावं अरबीत बसवतो.
तांडेलचा 'तानदील' होतो,
आणि एकदा झाला की तोच खरा.

विश्राम तांडेल, वेंगुर्ल्याचा, माझ्या वरच्या बंकवरचा,
ताडपत्रीच्या दुकानात बसल्या जागी गेला.
कागद मीच टाइप केले.
व्हिसा रद्द, म्हणून ओळखपत्र रद्द.
सिम ओळखपत्रावर, म्हणून नंबरही.
सामानाची यादी: घड्याळ, राइस कुकर, शर्ट चार,
फोन एक, बंद.

फोन तोंड बघून उघडायचा.
शवागारात कुणी नसताना
मी तो त्याच्यासमोर धरला होता.
हे सुलभावहिनींना सांगितलेलं नाही.
डोळे उघडे लागतात.
'पुन्हा प्रयत्न करा,' फोन म्हणाला,
अगदी सभ्यपणे.

इथे नेटवरून कॉल लावायला मनाई,
म्हणून तो रात्री बोलून पाठवायचा,
चादरीत तोंड घालून, दीड-दीड मिनिट:
जेवलंस काय गो, माड शिंपलंस काय.
दिवाळीत तिचा फोन विहिरीत पडला.
'असूंदे,' म्हणाला, 'माझ्याकडे आसत सगळे.'

कंपनीला मी तीनदा लिहिलं.
उत्तर आलं, दुःखात सहभागी आहोत.
खातं हस्तांतरणीय नाही.
कोड फक्त नोंदणीकृत नंबरवर जाईल.

वहिनी विचारतात,
सासऱ्यांमागे सहा माडांना चार वारस लागले,
तलाठ्याने सातबाऱ्यावर नावं चढवली,
मग आवाजाला का नाही?
मी म्हटलं, माड आपले होते.
हे भाड्याचं.
त्यानेच 'मान्य आहे' दाबलं होतं.
मीही दाबलंय, परवाच,
दळण टाकून पावती खिशात घालावी तसं,
न वाचता.

गेल्या आठवड्यात नंबर कुणाला तरी मिळाला.
फोटोत एक पोरगा, सायकलवर,
हेल्मेट कपाळावरून डोळ्यांवर आलेलं.
वर माझ्या फोनमध्ये नाव अजून विश्रामचंच.

वहिनींनाही दिसलं असणार.
रात्री उशिरा फोन आला, साधा, पैशांचा.
बराच वेळ नुसता समुद्राचा की लाईनचा आवाज.
मग म्हणाल्या,
'पोर गोड आहे हो.
त्याच्या बापाला काही विचारू नका.
उगाच घाबरेल.'