पाच किलो सातशे

वर-खाली सरकणारी खिडकी घरीच करणार म्हणालो
तर गणपती पेठेतल्या हार्डवेअरवाल्यानं
ॲल्युमिनियमचा कॅटलॉग पुढं सारला.

कप्प्या मिरजेत सापडल्या,
दस्तगीर मुजावरच्या भंगारात.
मोडल्या पायांना वजन टांगायच्या
दवाखान्याच्या खाटांवरच्या.
चार. पितळी. एक फिरेना,
ती रात्रभर रॉकेलात ठेवली.

दोर सुती हवा, गोफासारखा विणलेला, न ताणणारा.
तीन दुकानं नायलॉनच दाखवत राहिली.
चौथा म्हणाला, "पाळण्याचा आहे, चालंल?"
दोन वेळा ओढून बघितला.
चालंल.

मग काच बसवलेली खालची चौकट
गोधडीत गुंडाळून, सायकलला बांधून
मार्केट यार्डात नेली.
हळदीच्या काट्यावर ठेवताना
तोलाईदार म्हणाला, "हिचा दर काय फुटला?"
अकरा किलो चारशे.
म्हणजे दोन्ही अंगाला, लाकडाच्या पोकळीत
पाच सातशे, पाच सातशे
लोंबत राहणार,
मी गेल्यावरसुद्धा, कुणाच्या नजरेला न पडता.

कुपवाडला पारिसा मगदूमनं
बिडाच्या कांड्या ओतून दिल्या.
एक पाव किलो जास्त भरली.
"कानस मार की," म्हणाला.
मारू मारू म्हणत राहून गेलं.

आता कडी काढली
की चौकट आपसूक बोटभर उचलते,
कुणीतरी बाहेर डोकवायला आल्यासारखी.
काचेच्या कडेत हळद बसलीय, निघत नाही.
वरची चौकट अजून व्हायचीय.
तिचे दोर कापून
खुंटीला लावून ठेवलेत.