चौदा इंच

फरशीवर खडूनं चौकोन आखलाय,
तीन फूट बाय सव्वा.
काच बुधवारी येणार.
तोवर टाकी एवढीच, आणि तिच्यात मी
गुडघे मोडून बसलोय,
दगडाचं तोंड कुठलं, पाठ कुठली, बघत.

तेरा दगड आणलेत दंडोबाच्या पायथ्यावरून,
स्कूटरच्या पायाशी पोतं ठेवून, दोन खेपांत.
इरफान मुजावर म्हणाला होता, आधी व्हिनेगर टाका,
फसफसला तर चुना. पाणी जड करतो, झाडं रुसतात.
व्हिनेगर घरात नव्हतं, लिंबू पिळलं.
काळे सगळे गप्प राहिले.
एक पांढुरका, सगळ्यांत देखणा,
फसफसला.
तो आता मागच्या दाराला, दार आपटू नये म्हणून.

मोठा मधोमध नको.
मधोमध ठेवला की देवघर होतं, हेमलता म्हणाली.
मग थोडा डावीकडं, थोडा कलता,
पाणी वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून गेलंय असं वाटावं,
टाकीतलं पाणी कुठंच जात नसलं तरी.
बाकीच्यांचा कल त्याच्याच बाजूला.
एक सोडून. एक हट्टी असू दे.
माती मागं पाच इंच, पुढं दीड.
काचेला दगड टेकवायचा नाही,
बोटभर वाट ठेवायची,
मागं गेलेल्या माशाला परत यायला.

झाडं वाइंडिंगच्या जुन्या वहीत लिहिली,
पाच एचपी, तांब्याची तार, बाकी तीनशे, याच्या खाली.
मागं वॅलिस्नेरिया. हरिपूरला संगमात पोहताना
पायाला गुंडाळायची ती हीच, असं माझं म्हणणं.
इरफान म्हणतो, ही सिंगापूरची.
जावा फर्न दगडाला बांधायचं, खोड पुरायचं नाही,
पुरलं की कुजतं.
दोरा हेमलताच्या डब्यातला, काळा.
पुढं नुसती वाळू.
आणि मोठ्याच्या बुडाशी, सावलीत, क्रिप्टोकोरीन.

"याचं एक आहे," इरफान म्हणाला,
"जागा बदलली की पानं विरघळतात.
आठवड्यात सगळी. लोकांना वाटतं मेलं,
उपटून टाकतात.
उपटू नका. मुळं असतात खाली."

भिंतीकडं हेमलतानं बघितलं नाही. मीही नाही.
रंगाचे दोन हात देऊनही
दमट दिवसांत तिथं रेघ उमटते,
माझ्या छातीच्या वर चार बोटं.
त्या ऑगस्टात आम्ही कुपवाडला, तिच्या मावसबहिणीकडं, एकवीस दिवस.
दिवसातून दहादा फोन, आयर्विनला किती?
कुणी फूट सांगायचं, कुणी वर इंचही.
ती ऐकायची, आणि ताटातल्या आमटीत
बोटानं रेघ ओढायची.

परत आलो तर धुण्याचा दगड नाही.
सहा महिन्यांनी दिसला, सन्मतीच्या परसात.
गाळ उपसणाऱ्यांनी ठेवला असेल.
तिला वाटतं, तिचाच. वाटू दे.

"पाणी कमी पडलं होतं काय तुम्हाला?"
सन्मतीनंच विचारलं, काच उतरवताना.
काय सांगणार.
चौदा इंच, म्हटलं. चौदाच्या वर नाही.

पाणी हेमलतानं भरलं.
मातीवर बशी ठेवून, बशीवर तांब्या तांब्यानं,
काही ढवळू नये म्हणून. दीड तास लागला.
चौदा इंचांवर आले तशी थांबली
आणि काचेला बाहेरून एक टिकली लावली.

नऊ दिवस झाले.
वॅलिस्नेरियानं वाळूत एक पिलू टाकलंय, भलतीकडंच.
क्रिप्टोच्या जागी काही नाही,
थोडा चिखलट लगदा, तो चमच्यानं काढला.
त्याच्याखाली हात घातलेला नाही.

सकाळी चहाआधी ती टाकीपाशी वाकते.
मी आतून विचारतो, किती?
"टिकलीच्या खाली. एक तांब्या लागेल."