उघडी चोच

पहाटे साडेचारला उद्यमबागेच्या कमानीखाली चौघं जमलो.
डॉक्टर अष्टेकर, दातांच्या, टिळकवाडीतल्या.
मोनाप्पा मास्तर आणि त्यांची जडशीळ तिकाटणी.
मास्तरांची भाची रेवती, जिला पक्ष्यांपेक्षा बेडूक आवडतात.
आणि मी.
हत्तरगीला चहा. फाल्गुन संपत आलेला,
साखर कारखान्याचा हंगामही;
मळीचा वास गाडीच्या काचा बंद असूनही आत.

हिडकलचं पाणी या दिवसांत मागं सरतं.
हिरड्या सुटाव्यात तसं, डॉक्टर म्हणाल्या,
माझ्याकडं तोंड करून, सावकाश.
(माझ्याशी सगळे असंच बोलतात,
जणू मी परगावचा आहे.)
आणि खरंच, पाण्यातून वर आलेले खडक
पिवळट, झिजलेले, एक मधला पडलेला.

बाळेश अंबिगेर होडी घेऊन उभा होता.
पाच माणसं, त्याहून एक जास्त नाही,
मग कुणी आमदाराचा मेव्हणा का असेना.
मोटर त्यानं मधेच बंद केली.
तिघांचे चेहरे एकदम बदलले,
कुणी अंगावरून पांघरूण काढावं तसे.
शांतता पडली असणार.
माझ्याकडं ती आधीपासूनच होती.

शेकआउटच्या मशीनपाशी बावीस वर्षं.
डावा कान आठव्या वर्षी गेला,
उजवा कधी गेला, कळलंच नाही.
कंपनीनं कानात घालायचे बोळे दिले होते;
ते मी पोराच्या खेळण्यातल्या गाडीला चाकं म्हणून लावले.

खडकावर नदीसुरय.
काळी टोपी, पाय लाल, शेपूट कात्रीसारखी.
नर आला, चोचीत बोटभर मासा,
मादीनं मान वळवली, मग परत वळवली,
घेऊ का नको, घेऊ का नको,
आणि घेतला.
मास्तरांनी श्वास सोडला तो मला दिसला.
मग तिनं आमच्याकडं बघून चोच उघडली,
पिवळीधमक, आत जीभ, जिभेमागं अंधार,
आणि माझं बोट नेमकं तेव्हाच पडलं.

परतताना कॅमेऱ्याची पाठ उन्हाआड धरून
एकेकाला फोटो दाखवला.
वा किणेकर, वा.
मी विचारलं, ती काय ओरडत होती?

तिघं एकमेकांकडं बघायला लागली.
परीक्षेत सोपा प्रश्न यावा
आणि उत्तर जिभेवरून निसटावं, तशी.
डॉक्टर म्हणाल्या, नवीन ड्रिल,
दाताला टेकायच्या आधीचं.
मास्तर म्हणाले, छे, ओला खडू,
फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात.
रेवती म्हणाली, मी बघत होते फक्त, सॉरी,
आणि पाण्यात हात घालून बसली.

बाळेश काही बोलला नाही.
बराच वेळ वल्हवत राहिला.
मग थांबला, माझा उजवा हात मनगटाशी धरला,
होडीच्या कडेच्या लाकडावर उताणा नव्हे, पालथा ठेवला,
आणि वल्ह्याची कोरडी खुंटी
जोरात, आखूड, दोनदा फिरवली.
थोडं थांबून पुन्हा एकदा.

तळव्यातून कोपरापर्यंत काहीतरी चढलं.
हक्की, तो म्हणाला. ओठांवरून कळलं.
मग स्वतःशीच मान हलवून, पुन्हा एकदा खुंटी,
या वेळी जरा हलकी;
पहिली बरोबर आली नव्हती म्हणून.

सोमवारी पहिल्या पाळीला
शेकआउटच्या जाळीवर साचा आदळला, वाळू सुटली.
मी हातमोजा काढून लोखंडावर हात ठेवला.
सुपरवायझर लांबून हात हलवत होता,
काढ, भाजशील.
नाही, हे नव्हतं.
हे फार लांबत होतं.