गळती

एसी बंद पडला तेव्हा कुणी हळहळलं नाही.
अठ्ठ्याण्णवचा मे. शालन म्हणाली,
पुण्याला कशाला हवाय एसी,
संध्याकाळी येतोच की वारा.
आणि यायचा. काच खाली, कोपर बाहेर,
सिंहगड रस्त्याला एखाद्या गुऱ्हाळापाशी थांबलं
तर घाम आला होता हेही विसरायला व्हायचं.

मी हडपसरला बत्तीस वर्षं कॉम्प्रेसर जोडले.
दूध डेऱ्यांचे, बर्फाच्या कारखान्यांचे,
एक मिरजेच्या रक्तपेढीचा.
दुसऱ्यांच्या गारव्याचा नट किती आवळायचा
ते झोपेत विचारा, सांगेन.
स्वतःच्या कॉन्टेसात मात्र
पंचवीस उन्हाळे सीटवर टॉवेल अंथरला.

यंदा पारा बेचाळीस.
रस्ता रुंद झाला, झाडं गेली,
काच खाली केली की हेअर ड्रायर.
नेली मग गाडी नाना पेठेत.

शिकलगार बॉनेट उघडून बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, काका, ह्याचा गॅस बंद झाला.
तो वर जाऊन आभाळाला भोकं पाडायचा म्हणे.
नवा भरू, पण जुनं तेल थेंबन् थेंब धुवायला लागंल.
नव्याला जुनं तेल सोसत नाही.
(घरी सुनेसमोर हे वाक्य सांगितलं नाही.)

डॅशबोर्ड उतरवला तर आत उंदराचं घरटं.
सीटचा काथ्या, वर्तमानपत्राचा भुगा,
भुग्यात एकच शाबूत चौकोन:
गुरुवारी पेठांत पाणी नाही.
शिकलगारच्या तरन्नुमनं तो मोठ्यानं वाचला.
दहावीचा निकाल लागेपर्यंत ती रिकामी होती.
कंडेन्सरच्या दबलेल्या पात्या
तिनं भुवयांच्या चिमट्यानं एकेक सरळ केल्या,
दोन दुपारी, पायाखाली पोतं घेऊन.

व्हॅक्यूम लावला. पाऊण तास पंप घरघरला.
काटा उणे तीसवर टेकला.
चहा सांगितला.
चहा येईस्तोवर काटा सत्तावीस.

काळ्या ओ-रिंगा काढल्या, हिरव्या घातल्या.
काटा अठ्ठावीस.
नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावत गेलो
जोडामागून जोड,
आजाऱ्याची दाढी करतात तसा, हलक्या हातानं.
कारखान्यात मी पोरांना सांगायचो,
गळती ऐकू येत नसते, तिच्याशेजारी बसायला लागतं.
बसलो. गुडघे बोलायला लागले.
मग होजच्या दाबलेल्या टोकाशी
मोहरीएवढा बुडबुडा फुगला.
थांबला.
पुन्हा फुगला.

"सापडला," शिकलगार पुटपुटला,
जशी चोराला जाग येऊ नये.

नवा होज, नवं तेल. काटा रात्रभर तीसवर.
सकाळी गॅस भरला, बटण दाबलं.
क्लच टक् करून बसला,
इंजिन जरा वाकलं, ओझं उचलताना वाकतो तसं,
आणि सावरलं.
जाळीतून आधी ओल्या मातीच्या मडक्याचा वास,
मग नऊ अंश.

परत निघालो. शालन शेजारी.
दांडेकर पुलाच्या सिग्नलपर्यंत ती काही बोलली नाही.
मग पदर कानांवरून घेतला.
पंचवीस वर्षं उकडतंय म्हणणारी बाई.
कमी करू का, विचारलं.
राहू दे, म्हणाली,
आणि तिच्या बाजूची जाळी
हळूच माझ्याकडे वळवली.

तेवढ्यात स्कूटरवरच्या पोरानं काच वाजवली.
काका, गाडी गळतीये तुमची.

तीन आठवडे मी तोच शब्द शोधत होतो.
दार उघडून वाकलो.
बोनेटच्या मागं, खाली, टप. टप.
बोट धरलं. तेल नाही, काही नाही.
आमच्याभोवतीच्या हवेतलंच पाणी,
डांबरावर पडून लगेच नाहीसं होणारं.

गळू दे रे, म्हणालो.
मागचे हॉर्न वाजवायला लागले होते.