कर्णाची लांबी

वाल्केआकोस्की, जानेवारी, उणे सत्तावीस.
बाहेर तळं दगड झालंय.
आत बूथमध्ये इल्पो केरोसिनला ऑक्सिजन पाजतोय.

कागदगिरणीचा रोल आडवा पडून आहे, सात मीटर.
आधी चाचणीचा तुकडा पास व्हायला हवा,
मग त्याची पाळी.
टंगस्टन कार्बाइडची भुकटी, कोबाल्ट, थोडं क्रोम,
रात्रभर ओव्हनमध्ये सुकवलेली,
नाहीतर नळीत गुठळ्या होतात, दमट रव्यासारख्या.

कणखर व्हायचं तर आधी कण व्हावं लागतं.
मग आवाजाच्या पुढे धावून
आदळावं लागतं,
आणि पसरून, चपटं होऊन
मागून येणाऱ्याला जागा द्यावी लागते.
असे थरावर थर.
दोन-तीन केसांच्या जाडीचं कवच.

इल्पोचे कान मफखाली बंद असतात.
तो छातीच्या हाडाने ऐकतो. एकतीस वर्षं.

मी हिल्का. माझं काम बिनआवाजाचं.
फवाऱ्यात न्हालेला तो पोलादी तुकडा
कापते, राळेत बसवते, घासते, घासते.
घाई केली तर कण उपटून येतात
आणि माझी चूक त्याची छिद्रं म्हणून मोजली जाते.
मग हिऱ्याचं टोक, तीनशे ग्रॅम भार, पंधरा सेकंद.
सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी ठसा.
त्याचे दोन कर्ण.
कर्ण लांब, तर कवच मऊ. एवढंच शास्त्र.

हवे होते अकराशे पन्नास.
पहिल्या तुकड्याला एक हजार अडतीस.
इल्पोने ज्योत वाढवली.
एक हजार बारा.
आच वाढवली की टणकपणा वाढतो, असं नाही.
कार्बन जळून जातो
आणि उरतं ते ठिसूळ, कोपऱ्याकोपऱ्यातून तडकणारं.
(माझ्या आईच्या दुसऱ्या नवऱ्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.)
तिसऱ्यांदा त्याने बंदूक चार बोटं जवळ आणली.
अकराशे बारा.

गिरणीचा फोन, सकाळपासून चौथा.
तिकडे मशीन बंद आहे, तासाचे पैसे मोजताहेत.
आज शुक्रवार, इल्पोचा शेवटचा.
केक फ्रीजमध्ये, वर साखरेत त्याचं नाव.

आता ऐका, हे बाहेर कुणी बोलत नाही:
कर्णाचं टोक ही रेघ नसते, धुकं असतं.
केसरेघ कुठे थांबवायची, ते मी ठरवते.
बावीस पूर्णांक चार मायक्रॉन, की बावीसला जरा कमी?
मधे अर्धासुद्धा मायक्रॉन नाही.
पापणी लवली तरी तेवढं सरकतं.
सरकलं की अकराशे पन्नास, सही, शिक्का.

माझा हात चाकावर होता.
चाक फिरलंही. एक खाच.

नोव्हेंबरात तळ्यावर जाताना
इल्पोच्या हातात लोखंडी पहार असते,
प्रत्येक पावलाआधी एक ठोका.
मी एकदा विचारलं होतं, बर्फ किती जाड लागतो?
पाच सेंटिमीटर.
आणि साडेचार असला तर?
तर घरी जाऊन बटाटे उकडायचे.

खाच उलटी फिरवली.
अकराशे बारा लिहिलं, शाईने.

कागद बघून तो काही बोलला नाही.
नोझल काढलं, खिडकीशी धरलं,
आत डोळा लावून बसला बराच वेळ,
जणू पलीकडे कुणी राहतं.
"गोल होतं हे," म्हणाला. "झिजून अंड्यासारखं झालंय."
मग हळू,
"मला ऐकू यायला हवं होतं."

नवीन नोझल. चौथा तुकडा.
अजून कोमट आहे माझ्या तळव्यात.
इल्पो दाराशी, मफ गळ्यात.
केक कापूया का, विचारतो.
आकडा आल्यावर, मी म्हणते.
तो मान हलवतो, स्टूल ओढतो,
आणि आम्ही दोघं
राळ घट्ट व्हायची वाट बघत बसतो.