वरातीमागून

भिंतींना कान असतात म्हणे.
ह्या घराच्या भिंती ठार बहिऱ्या:
हातभर जाडीचा करडा ग्रॅनाइट,
आणि राऊटर तळमजल्यावर,
घरमालकीण दोना झुल्मीराच्या कपाटावर,
हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनियोच्या
पाठीमागे लुकलुकणारा.
भोक पाडायचं नाही, ती म्हणाली,
जिन्यावरून वायर न्यायची नाही,
मी अडखळले तर कोण बघणार?
हवेतून येईल तेवढं घे. भाड्यात धरलंय.

मी दुसऱ्या मजल्यावर.
टेबलाखाली टेल्मोचा कॉम्प्युटर,
एका कुशीला काच, आत रंगीत पंखे
जत्रेतल्या पाळण्यासारखे.
लक्झेंबर्गला जाताना न्यायचा राहिला.
राहिला म्हणजे, विमानाच्या वजनात बसेना.
तिकडे तो परांची बांधतो,
तिकडे त्याने नवा घेतलाय.

रविवारी रात्री आम्ही खेळतो.
म्हणजे तो खेळतो, मी मरतो.
दार उघडावं तर गोळी लागून गेलेली.
मी नेम धरेपर्यंत सगळे पुढच्या गल्लीत,
वरातीमागून घोडं.
"बाबा, तू दिसतोस तिथे नसतोसच,"
हेडफोनमध्ये तो हसतो,
"तू मागच्या क्षणात उभा आहेस."

मातोझिन्यूशच्या दुकानात ताइश नावाची पोर.
तिने काउंटरवर तीन खोकी मांडली.
पहिल्यातलं नखाएवढं, अकरा युरो:
यूएसबीत खोचा आणि विसरा.
"विसराच," ती म्हणाली,
"पत्र्याच्या पाठीमागे, जमिनीलगत,
त्याला काय ऐकू येणार?"
दुसऱ्याला गोगलगाईसारखं एक शिंग.
तिसरं कार्ड, मदरबोर्डवर बसणारं,
दोन अँटेना, चुंबकाची बैठक,
मीटरभर वायर, हवी तिथे न्या. एकोणचाळीस.
खोक्यांवर आकडे असे, जसा मासळीचा लिलाव.
मी वेग विचारला.
"वेग सगळेच सांगतात, काका.
उशीर किती होतो ते विचारा."

उशीर तू मला शिकवतेस, पोरी?
एकतीस वर्षं लेशोंइशच्या धक्क्यावर
क्रेनच्या काचेच्या डब्यात बसलो.
खाली अबीलियोचा हात हलला
की वर माझा हात हलायचा.
मध्ये एक श्वास. धुकं असलं की दीड.
त्या वरच्या अर्ध्या श्वासात
एकदा कंटेनर झुलला
आणि अबीलियोची दोन बोटं गेली.
पुढे तो तीन बोटांनी खुणा करायचा.
मला त्या जास्त स्पष्ट दिसायच्या.

हे तिला सांगितलं नाही.
कार्ड घेतलं, पावती घेतली.

काच काढली. धूळ. तळाशी
त्रेमोसूच्या दाण्याचं एक वाळकं साल,
बीअरबरोबर चघळून तो कुठेही टाकायचा.
उचललं. परत ठेवलं,
पंख्यात जाणार नाही असं.
स्क्रू मात्र दोनदा हातातून पडला.

अँटेना खिडकीत ठेवले: एकशे नव्वद.
कपाटावर: एकशे सत्तर, मग काहीच नाही.
पलंगाखाली ठेवले, स्वतःचीच लाज वाटली.
तेवढ्यात भाजत्या सार्डिनचा वास आला,
शुक्रवारचा, झुल्मीराच्या स्वयंपाकघरातला,
नेहमीसारखा
बंद पडलेल्या धुरांड्यातून वर.
वास येतो म्हणजे वाट आहे.
धुरांड्याचं लोखंडी झाकण उघडलं,
चुंबक टपकन चिकटला.
एकतीस.
क्रेनवर होतो तितकी वर्षं.

रविवारी मी दाराआड होतो
आणि खरंच दाराआड होतो.
टेल्मो आला. मी झाडली.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "कुठून आलास?"
आणि तेवढ्यात पडदा गोठला,
खाली मायक्रोवेव्ह घुमायला लागला.

थांब दोन मिनिटं, मी म्हटलं,
म्हातारीचं सूप गरम होतंय.

ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.
पडदा सुटला तेव्हा
तो दारातच उभा होता,
बंदूक खाली करून.